गणितात डोंगर, भाषेत झरा: हे नवं प्रगतिपत्रक वाचायचं कसं?

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या शेजारच्या घरची सूनबाई हातात पुस्तिकेसारखं काहीतरी घेऊन आली. पहिलीतल्या पोराचं प्रगतिपत्रक.

"काका, तुम्ही मास्तर होता न्हवं? मग हे जरा वाचून सांगा. मी तर दमलो बघून बघून. मार्कच सापडंनात."

मागोमाग तिचे सासरेही आले. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते. ते दारातूनच म्हणाले, "पास हाय का नापास, एवढंच इचार."

मी चष्मा लावला. विषयांपुढं आकडा नव्हता, टक्केवारी नव्हती. कुठं 'झरा', कुठं 'डोंगर', कुठं 'आकाश' अशी चित्रं होती. "भाषेत झरा, गणितात डोंगर. हे प्रगतिपत्रक हाय का भूगोल?" सूनबाई म्हणाली. आतल्या एका पानावर 'मी कुणाला मदत केली?' असा प्रश्न आणि खाली रिकामी चौकट. पोरानं त्यात छत्री काढली होती. छत्रीखाली चार पाय.

"माणसाला चार पाय काढलाय बघा. आणि बाईंनी त्याला 'छान' दिलंय."

त्या दिवशी चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी मला नीट समजावता आलं नाही, म्हणून हा लेख.

याचं नाव समग्र प्रगतिपत्रक

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. शालेय वर्षांच्या १०+२ या जुन्या रचनेऐवजी ५+३+३+४ हा आकृतिबंध त्यातलाच. धोरणात प्रगतिपत्रकाबद्दलही एक परिच्छेद आहे. मूल किती गुणांचं, हे सांगणारा कागद पुरेसा नाही; ते विचार कसा करतं, इतरांशी वागतं कसं आणि हातानं काय करू शकतं हेही घरी कळलं पाहिजे, असा त्याचा आशय. आणि हे एकट्या शिक्षकानं ठरवायचं नाही. मुलानं स्वतःबद्दल सांगायचं, वर्गातल्या सोबत्यांनी सांगायचं, घरच्यांनीही भर घालायची. अशा पत्रकाला 'समग्र' म्हणायचं. त्याचे नमुने 'पारख' या राष्ट्रीय केंद्रानं तयार केले. हे केंद्र एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या अखत्यारीत आहे.

झरा-डोंगर-आकाश ही लहानग्यांसाठीची पायरी. झरा म्हणजे नुकतं वाहायला लागलंय, मदत लागते. डोंगर म्हणजे पाय रोवले. आकाश म्हणजे आता आपलं आपण करतं, दुसऱ्यालाही दाखवतं. सहा वर्षांच्या पोराला 'ड श्रेणी' म्हणण्यापेक्षा झरा म्हटलेलं बरं, एवढाच त्यामागचा हेतू. डोंगर झऱ्यापेक्षा मोठा म्हणून गणित चांगलं, हे आबांनी मात्र लगेच ताडलं. म्हणजे नावं बदलली तरी आपण क्रमांक लावणारच.

वस्ताद पोराला कसा पारखतो?

बी.एड.च्या पुस्तकात विकासाचे तीन भाग असतात: ज्ञानात्मक, भावात्मक आणि क्रियात्मक. हे शब्द एकदाच लिहितो आणि सोडून देतो. कोल्हापुरात हे समजायला तालमीत गेलेलं बरं.

नवं पोरगं तालमीत आलं की वस्ताद त्याचं वजन बघतो, पण वजनावर भाळत नाही. दाखवलेला डाव दुसऱ्या दिवशी लक्षात आहे का? हे झालं डोकं. जोर मारताना पन्नासाव्याला कमरेत वाकतंय का? हे शरीर. चितपट झाल्यावर माती झटकून हात मिळवतंय की कोपऱ्यात जाऊन रुसतंय? हा स्वभाव. तिन्ही गोष्टी वस्ताद एकाच वेळी, एकाच झटापटीत बघतो. डोक्याचा तास सकाळी आणि स्वभावाचा तास संध्याकाळी, असं तालमीत नसतं.

आणखी एक. नव्या पोराला पहिलं काम मिळतं ते खोऱ्याचं. हौद्यातली लाल माती उकरायची, मऊ करायची, तीत तेल, ताक, हळद मिसळायची. का? तर उद्या या मातीवर दुसरा पडणार आहे, त्याला लागू नये. 'समाजासाठी योगदान' हा भारदस्त शब्द धोरणांतून वाचताना मला हे खोरं आठवतं. तिथं त्यासाठी वेगळा तास नाही की प्रमाणपत्र नाही. माती उकरल्याशिवाय कुस्तीच सुरू होत नाही.

(गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्यात हातकामातून शिक्षणाची कल्पना मांडली, तिला 'नई तालीम' म्हणतात. आमच्याकडं जुनी तालीम आधीपासून होतीच.)

मग कराटे, अबॅकस, तबला सगळं लावायचं का?

सर्वांगीण शिक्षणाचा सगळ्यात महाग गैरसमज हा. एका ओळखीच्या घरी चौथीतल्या मुलीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं पाहिलं. सोमवारी अबॅकस, मंगळवारी भरतनाट्यम्, बुधवारी पुन्हा अबॅकस, गुरुवारी पोहणं... रविवारी सकाळी हस्ताक्षर. तिची आई अभिमानानं म्हणाली, "सर, ऑलराउंड करायचंय." पोरगी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती.

क्लास वाईट नसतात. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या सात गोष्टी पोरावर लादून पोर सर्वांगीण होत नाही, फक्त थकतं. सर्वांगीण शिक्षणात गोष्टी वाढवायच्या नसतात, जोडायच्या असतात. ही जोडणी कशी दिसते, ते एका उदाहरणावरून सांगतो. नदी आपलीच आहे, पाणीही ओळखीचं आहे.

पाणी किती फुटांवर आलं?

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की हा प्रश्न हमखास येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

एका पावसाळ्यात मी एका शाळेत सहावीच्या वर्गावर मागच्या बाकावर बसलो होतो. बाईंनी आलेखाचा धडा काढला होता. पुस्तकातलं उदाहरण कुठल्यातरी शहराच्या तापमानाचं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आज सकाळी पाणी किती?" अर्धा वर्ग ओरडला. मग आठ दिवसांचे आकडे फळ्यावर आले, वहीत आलेख चढला. ३९ वर एक रेघ, ४३ वर दुसरी.

एकानं विचारलं, "बाई, राधानगरीचं दार उघडलं की एकदम किती पाणी येतं?" आता बघा गंमत. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. एका दारातून १४२८ क्युसेक, असं पेपरात दरवर्षी छापून येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. पोरांनी गुणाकार केला: चाळीस हजार लिटरांच्या वर. बाई म्हणाल्या, "गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे चार टँकर, दर सेकंदाला, एका दारातून." वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "सातही उघडली की अठ्ठावीस."

तिथून गाडी भूगोलावर गेली. राधानगरी भोगावतीवर. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा. मग कुणीतरी म्हणालं, पाणी आधी सुतारवाड्यात शिरतं, दरवर्षी तिथल्या लोकांना हलवतात. का तिथंच? जमीन सखल. मग लोक तिथं राहतात का? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं. बाईंनीही दिलं नाही. म्हणाल्या, "तुम्हीच सांगा." वीसेक मिनिटं पोरं भांडली. 'त्यांनी जावं की दुसरीकडं' इथून सुरुवात झाली आणि 'भाडं कोण भरणार?' इथपर्यंत आली.

शेवटी काम दिलं ते असं: आपापल्या गल्लीत एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण आहे, पाणी आलं तर त्यांना कुणी हाक मारायची, त्यांची औषधं कुठं असतात, एवढं विचारून या. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या घरांत हे काम कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता त्या तासाला काय म्हणाल? गणित झालं. भूगोल झाला, नागरिकशास्त्र झालं. 'त्यांनी जावं की' म्हणणाऱ्या पोराचा स्वर तासाच्या शेवटी उतरला होता. तेही शिक्षण, पण ते उत्तरपत्रिकेत कुठं येणार? समग्र प्रगतिपत्रकातली अर्धी पानं अशाच गोष्टींसाठी आहेत. बाईंनी वेगळा तास घेतला नाही आणि पाच रुपयेही खर्च केले नाहीत.

'हे परदेशी खूळ आहे' म्हणणाऱ्यांसाठी

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं. पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली. १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड, हेही त्यातच. मुलानं शिकावं आणि शिकून समाजाच्या उपयोगी पडावं, या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या मानल्या जात नव्हत्या.

त्या काळातला एक विद्यार्थी हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. जैन बोर्डिंगात राहायचा. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आला आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. अभ्यासातही बेताचाच. त्याला वरच्या वर्गात घालावं म्हणून महाराजांनी शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या मास्तरांनी बाणेदारपणे सांगितलं की तो बसतो तो बाक एक वेळ पास करेन, पण त्याला नाही. असा किस्सा आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगतात.

मास्तर चुकले असं मला वाटत नाही. गणित येत नव्हतं, तर पास का करावं? पण त्या कागदावर फक्त गणितच मावत होतं. आंघोळ नाकारणारं पोरगं त्यावर कुठंच नव्हतं. त्याच पोरानं, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, 'कमवा आणि शिका' म्हणत त्यांच्या हातात खोरं-फावडं दिलं. बाक काय झाला, कोण जाणे.

आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक १९६४ ते ६६ च्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे, म्हणजे कोठारी आयोगाचे, सदस्य-सचिव होते. शिक्षणात कार्यानुभव आणि समाजसेवा हवी, असं त्या आयोगानं सांगितलं. कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या आनंदातून, परिसरातून शिकवणं प्रत्यक्ष करून दाखवलं. तेव्हा माल परदेशी नाही. पण कार्यानुभवाचं आपण पुढं काय केलं, तेही आठवा. आईस्क्रीमच्या काड्यांचं घर. तेही बहुतेकांच्या घरी आईनं किंवा मामानं केलेलं. चांगली कल्पना शाळेपर्यंत येता येता थर्माकोलची होते, ही भीती मला या नव्या पत्रकाबद्दलही आहे.

मार्क गेले, तर पुढं 'नीट' परीक्षेला काय होणार?

मार्क गेलेले नाहीत. दहावी-बारावीचं बोर्ड आहे, एमएचटी-सीईटी आहे, नीट आणि जेईई आहेत. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षाही महाराष्ट्रात परत आल्या. चित्रांची पानं आहेत ती लहान वर्गांसाठी. ताप मोजायला थर्मामीटर लागतोच. फक्त थर्मामीटर बघून 'पोरगं चांगलं आहे' असं कुणी म्हणत नाही, एवढंच.

उलटही खरं आहे, आणि ते बोलायला लोक कचरतात. पोरगं गोड आहे, मदत करतं, चित्र सुंदर काढतं, पण चौथीत त्याला परिच्छेद वाचता येत नसेल, तर बाकीची पानं कितीही रंगीत असोत, शाळेचं पहिलं काम झालेलं नाही. 'समग्र'च्या पदराखाली हे झाकलं गेलं, तर नुकसान गरिबाच्या पोराचं होतं. ज्याच्या घरी शिकवायला कुणी आहे, तो कसाही तरून जातो.

मास्तरांना वेळ कुठाय?

हा सगळ्यात खरा आक्षेप. इथं मला स्वतःबद्दलच सांगायला लागेल.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन आहे. महाराष्ट्रात ते २०१० पासून आलं. आकारिक (शिकता शिकता होणारं), संकलित (सत्राअखेरचं) आणि 'वर्णनात्मक नोंदी'. प्रत्येक मुलाबद्दल, प्रत्येक विषयात, शब्दांत लिहायचं. कल्पना हीच, आजच्या पत्रकाची थोरली बहीण. झालं काय? तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, नंतर व्हॉट्सॲपवर फिरल्या. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'परिसर स्वच्छ ठेवतो.' 'मित्रांना मदत करतो.' आम्ही त्या उतरवून काढायचो. मीही. एका सत्रात एका पोरापुढं मी 'नियमित उपस्थित राहतो' असं लिहिलं. पत्रक न्यायला त्याची आई आली. वाचून म्हणाली, "गुरुजी, त्यो तर महिना झाला माज्या माहेरी हाय." मी खोडरबर शोधायला लागलो. शाईला खोडरबर!

आळस होता, नाकारत नाही. पण गणितही बघा. कायद्यानं वरच्या प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागं ३५ मुलं. प्रत्येकाच्या पत्रकाला अर्धा तास धरला, तर सतरा-अठरा तास झाले. त्यात निवडणूक, जनगणना आणि रोज नवं ॲप. याला आम्ही 'अशैक्षणिक कामं' म्हणतो आणि त्या शब्दावर संमेलनं भरतात. ही कामं कमी केल्याशिवाय नवं पत्रक दिलं, तर नवी पुस्तिका येईल. बहुतेक आली असेलही.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत एका सहकारी बाईंकडून मी एक युक्ती शिकलो. रोज फक्त पाच पोरं बघायची. बाकीच्यांना शिकवायचं, पण डोळा पाच जणांवर. संध्याकाळी प्रत्येकाची एक ओळ. सात दिवसांत पस्तीस होतात. ओळ अशी हवी की ती दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता येऊ नये. 'मदत करतो' चालणार नाही. 'डबा विसरलेल्याला न विचारता अर्धी भाकरी देऊन आला' चालेल. सत्राअखेर वही उघडली की पत्रक आपोआप भरतं.

पोरं स्वतःबद्दल खरं लिहितील?

सुरुवातीला नाही. सगळी आकाश होतील. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला, शिक्षा होत नाही हे कळल्यावर, लिहितात. सोबत्यांच्या पानाबद्दल मला जास्त धाकधूक वाटते. वर्गात कपड्यांवरून, आडनावावरून, डब्यावरून गट पडलेले असतात. 'याच्याशी खेळायला आवडतं का?' या प्रश्नाला एखाद्या पोराच्या वाट्याला सगळे रडके चेहरे आले, तर तो कागद घरी पाठवायचा नसतो. तो शिक्षकानं स्वतः वाचून वर्गाची बसण्याची जागा बदलायची असते.

घरच्यांच्या पानावर काय लिहायचं?

सूनबाईचा हा शेवटचा प्रश्न. ती 'अभ्यास करत नाही' असं लिहायला निघाली होती. मी म्हटलं, ते शाळेला माहीत आहे. शाळेला माहीत नाही ते लिही. घरी काय करतो, कशाला घाबरतो, कुणाजवळ तासभर बसतो.

मग मला ती छत्री आठवली. पोरगं अंगणात गोट्या खेळत होतं, त्याला हाक मारली आणि पान दाखवलं.

"ही छत्री कुणाची रं?"

"माजी."

"आणि पाय चार कसे?"

माझी अक्कल गेली अशा नजरेनं त्यानं बघितलं. "दोन माजं, दोन तिचं. तिची छत्री वाऱ्यानं उलटी झालती. मग मी तिला गिरणीपतोर सोडून आलो."

"दोघं मावला?"

"न्हाई. छत्री बारकी हाय. मी अर्धा भाईर."

आबा इतका वेळ पेपरात तोंड घालून बसले होते. त्यांनी पेपर खाली केला.

"तरीच! गणपतीच्या आधी आठ दिवस ताप धरून बसलंवतं. डॉक्टरला तीनशे रुपय दिलोय मी."